निसटण्याची दिशा

फिटरच्या पेटीतला कुठलाही ॲलन बोल्ट हातात घ्या. त्याच्या गोल डोक्याभोवती बहुधा बारीक दाते असतात. बोल्ट आवळायचा तो डोक्यातल्या षटकोनी खाचेत किल्ली घालून. मग बाहेरून हे दाते कशाला? तर पहिल्या काही फेऱ्यांसाठी. बोल्ट आट्यांत सरळ बसला की तिरका शिरला, हे किल्लीपेक्षा बोटांना आधी कळते. म्हणून जाणता फिटर बोल्ट आधी हातानेच लावतो, आणि त्याची बोटे दिवसभर तेला-ग्रीसने माखलेली असतात. डोके गुळगुळीत असते तर बोटे फिरली असती आणि बोल्ट जागच्या जागी राहिला असता.

धातूवर असे दाते उठवण्याला वर्कशॉपमध्ये नर्लिंग म्हणतात. आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये लेथवरची जी मूलभूत कामे शिकवतात, त्यांत हे एक. एकदा नजर बसली की नर्लिंग जागोजागी दिसू लागते. दाढीच्या रेझरची दांडी, मायक्रोमीटर, व्यायामशाळेतला बार, मनगटी घड्याळाची चावी, जुन्या रेडिओच्या बटणाखालचा दांडा. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते आणि ती देखणी असतेही. पण कारागिराने ती पाडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधलेले असते: ही वस्तू हातातून निसटलीच, तर कुठल्या दिशेने निसटेल?

उत्तरावर नक्षी ठरते. दांडीच्या लांबीला धरून सरळ रेघा पाडल्या, तर दांडी बोटांत फिरत नाही. पण लांबीच्या दिशेने ओढली तर सहज सरकते, कारण त्या बाजूला बोटांना अडवायला काहीच नसते. उलट दांडीभोवती गोल खाचा पाडल्या, तर ती ओढून निघत नाही, पण फिरते खुशाल. दोन्ही अडवायचे असेल तर उजव्या आणि डाव्या तिरक्या रेघा एकमेकींवर पाडायच्या. त्यांच्या छेदांतून शंकरपाळ्यांसारख्या छोट्या टोकदार उंचवट्यांची रांग उभी राहते. हे डायमंड नर्लिंग सगळ्यांत जास्त आढळते, कारण हात बहुधा दोन्ही दिशांनी घसरतो. साबणाच्या ओल्या हाताने धरलेला रेझर फिरतोही आणि खालीही सरकतो.

इथे शाळेतला घर्षणाचा नियम आडवा येतो. फ्रान्सच्या गिलोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेला हा नियम सांगतो की घर्षण दाबणाऱ्या जोरावर अवलंबून असते, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. मग दाते पाडून मिळवले काय? नियम खरा आहे, पण तो कठीण पृष्ठभागांचा आहे. बोटाचे मांस कठीण नाही. दाब दिला की ते दात्यांमधल्या दरीत उतरते, आणि आता सरकायचे तर त्याला प्रत्येक दात्यावरून चढून जावे लागते. ही पकड घर्षणाची कमी आणि अडकण्याची जास्त असते.

दुसरी गोष्ट ओल्या हाताची. गुळगुळीत धातू आणि बोट यांच्यामध्ये तेलाचा किंवा साबणाच्या पाण्याचा पातळ थर अडकला, की बोट धातूला टेकतच नाही, त्या थरावर तरंगते. नर्लिंगची टोके हा थर भेदून कातडीपर्यंत पोचतात आणि तेलाला दरीत जायला वाट मिळते. म्हणून दऱ्या भरून गेल्या की नर्लिंग असूनही पकड जाते. जुन्या हत्यारावर साचलेला काळा मळ ताठ केसांच्या ब्रशने काढला, तर तेच हत्यार पुन्हा हातात घट्ट बसते.

आता हे दाते उठतात कसे ते पाहू, कारण या कामात एक गंमत आहे जी लेथवर उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. लेथ म्हटले की आपल्याला धातू सोलला जाताना आणि बरची वेटोळी पडताना दिसतात. नर्लिंगमध्ये, निदान त्याच्या नेहमीच्या प्रकारात, धातू कापला जात नाही. तो दाबला जातो. टूल पोस्टमध्ये जे टूल बांधतात त्याच्या तोंडाशी कठीण पोलादाची दोन लहान दातेरी चाके असतात, एकाचे दाते डावीकडे झुकलेले, दुसऱ्याचे उजवीकडे. फिरत्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, ही चाके जोराने दाबली की तीही फिरू लागतात. त्यांचे दाते धातूत रुततात आणि रुतलेल्या जागचा धातू बाजूला सरकून वर येतो. शिकाऊ मुलांच्या टूलमध्ये अशा चाकांच्या तीन जोड्या असतात, कोर्स, मीडियम आणि फाइन. डोके फिरवले की हवी ती जोडी पुढे येते.

धातू कुठे जात नसेल आणि नुसता सरकत असेल, तर जॉबचा व्यास वाढायला हवा. तो वाढतोच. जर्मनीच्या डीआयएन ८२ या मानकात याचा साधा हिशेब दिला आहे. दोन दात्यांमधले अंतर, म्हणजे पिच, १ मिलिमीटर असेल तर सरळ रेघांच्या नर्लिंगने व्यास अर्ध्या मिलिमीटरने फुगतो. टोके वर आलेल्या डायमंड नर्लिंगने तो ०.६७ मिलिमीटरने फुगतो, आणि टोके आत गेलेल्या डायमंडने फक्त ०.३३ मिलिमीटरने. म्हणून नर्लिंगनंतर २० मिलिमीटरचा दांडा हवा असेल, तर सरळ रेघांसाठी तो आधी १९.५ पर्यंतच खाली आणायचा असतो. इंजिन दुरुस्तीत या फुगण्याचाच उपयोग करून घेतला गेला. झिजलेल्या पिस्टनच्या घेरावर नर्लिंग करून त्याचा व्यास थोडा वाढवायचा, झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडच्या आतून नर्लिंग करून त्याचे भोक थोडे लहान करायचे, अशी ती युक्ती. वर दऱ्यांमध्ये तेल साठून राहायचे तो फायदा वेगळाच. नवे पिस्टन सहज मिळू लागले तशी ही रीत मागे पडली.

सगळ्यांत नाजूक क्षण सुरुवातीचा. जॉबचा पहिला फेरा पूर्ण झाला की चाकाचा दाता बरोबर पहिल्या खुणेत परत पडायला हवा. समजा पिच १ मिलिमीटर आहे आणि जॉबचा व्यास १९.९ मिलिमीटर. त्याचा परीघ जवळजवळ ६२.५ मिलिमीटर भरतो. म्हणजे एका फेऱ्यात साडेबासष्ट दाते. अर्धा दाता तर पाडता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक दाता आधीच्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये पडतो. मग हव्या असलेल्या खोल दात्यांऐवजी दुप्पट संख्येचे उथळ ओरखडे उठतात आणि जॉब बिघडतो. उपाय सोपा आहे. व्यास १९.७४ केला तर बासष्ट दाते पुरे बसतात, २०.०५ ठेवला तर त्रेसष्ट. दाते धातूत रुतत जातात तसा प्रत्यक्ष परीघ थोडा बदलतो आणि चाकेही थोडीफार जुळवून घेतात, त्यामुळे इतका काटेकोर हिशेब दरवेळी कोणी मांडत नाही. मुरलेला टर्नर चाके हळूहळू टेकवत बसत नाही. तो वेग अगदी कमी ठेवतो, चाकांच्या अर्ध्या रुंदीवर जोरकस दाब देऊन पहिली खूण खोल उमटवतो, मशीन थांबवून ती खूण नीट पाहतो आणि मगच फीड लावतो, म्हणजे टूल जॉबच्या लांबीवर सरकवू लागतो. पहिली खूण खोल असली की पुढचे दाते आपोआप त्याच घरात जाऊन बसतात.

दाब एवढा असतो की बारीक दांडा वाकू शकतो. म्हणून दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार द्यावाच लागतो. काही टूलमध्ये चाके चिमट्यासारखी वरून आणि खालून दाबतात. त्यात दाब दाबाशी झुंजतो आणि लेथच्या बेअरिंगवरचा भार हलका होतो. कूलंट किंवा तेल भरपूर सोडायचे ते नुसते गारव्यासाठी नाही. दात्यांवरून सुटणारे बारीक कण धुऊन गेले नाहीत, तर चाके त्यांनाच पुन्हा जॉबमध्ये ठोकून बसवतात आणि नक्षी खवल्यांसारखी उखडते. पातळ नळीसारखा जॉब हा दाब सोसत नाही. त्याच्यासाठी नर्लिंगचा दुसरा प्रकार आहे, ज्यात तिरकी बसवलेली चाके कडेने धातू खरोखर कापतात. त्यात व्यास जवळपास फुगत नाही आणि दाते स्वच्छ उठतात. टूल मात्र महाग आणि सेटिंगला वेळखाऊ.

मायक्रोमीटरवर हे काम किती विचाराने केलेले असते ते पाहण्यासारखे आहे. झाँ पामर यांनी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये याचे पेटंट घेतले. स्क्रूची पिच अर्धा मिलिमीटर आणि फिरत्या नळीवर ५० खुणा, म्हणजे एक खूण पुढे सरकली की मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला जातो. इतके थोडे फिरवायचे तर बोट जराही घसरून चालत नाही. म्हणून नळीवर नर्लिंग असते, पण ते बारीक असते. खरखरीत नर्लिंग हाताला जोर लावायला बोलावते, आणि जोर लावला की मोजमाप चुकते. टोकाला रॅचेट असते ते याचसाठी. ठरलेल्या दाबापुढे ते टिकटिक करत नुसते फिरते. त्या रॅचेटलाही दाते असतात, फक्त दोन बोटांच्या टोकांना पुरतील एवढेच.

दुसऱ्या टोकाला आहे वेटलिफ्टिंगचा बार. पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा, स्त्रियांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. बार उचलताना तो बोटांतून बाहेर लोळत निघू पाहतो आणि हात कडेला सरकू पाहतात, म्हणून नर्लिंग डायमंडचे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो डोक्यावर नेले होते. स्वतःच्या वजनाच्या दुप्पट भार आणि त्याला धरून ठेवणारी जागा फक्त दोन तळव्यांची. पण दाते जास्त टोकदार केले की प्रश्न सुटत नाही. वेटलिफ्टर दिवसभरात कितीतरी वेळा बार उचलतो आणि उचलताना तो तळव्यात किंचित फिरतोही; दाते धारदार असतील तर कातडी सोलून निघते. पॉवरलिफ्टिंगमध्ये बार एकाच मुठीत सरळ वर यायचा असतो, म्हणून तिथे तीक्ष्ण नर्लिंग चालते. हाताला लावतात ती पांढरी पावडर मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. ती घाम शोषते, म्हणजे दऱ्या मोकळ्या ठेवण्याचे काम करते.

या बारवर नर्लिंगमध्येच गुळगुळीत कड्या सोडलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या कड्यांमधले अंतर वेटलिफ्टिंगमध्ये ९१० मिलिमीटर आणि पॉवरलिफ्टिंगमध्ये ८१० मिलिमीटर ठरलेले आहे. खेळाडू खाली न पाहता बोटाने कडी चाचपतो आणि हात नेमक्या जागी ठेवतो. पुरुषांच्या बारवर मध्यभागीही नर्लिंगचा एक पट्टा असतो, स्त्रियांच्या बारवर तो नसतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एका हाताने बार उचलण्याचे प्रकार स्पर्धेत होते आणि एका हाताची पकड मध्यावरच पडते, हे लक्षात घेतले की तो पट्टा तिथे का आला असावा याचा अंदाज येतो.

नर्लिंगची सगळ्यांत मोठी कामगिरी हाताला कधी लागतच नाही. मिक्सरच्या किंवा मीटरच्या प्लॅस्टिक आवरणात स्क्रू बसतो तो बहुधा एका छोट्या पितळी इन्सर्टमध्ये, कारण प्लॅस्टिकचे आटे दोन-चारदा खोलले की मरतात. हे इन्सर्ट प्लॅस्टिकमध्ये पक्के बसावे म्हणून त्याच्या बाहेरून नर्लिंग असते. आपल्याकडे असे सुटे पितळी भाग बनवणारे मोठे केंद्र म्हणजे गुजरातमधले जामनगर. इथे निसटण्याची दिशा पुन्हा महत्त्वाची. स्क्रू आवळताना इन्सर्ट फिरू पाहते, त्यासाठी सरळ रेघा सर्वांत चांगल्या; स्क्रूवर ओढ आली की ते उपटून निघू पाहते, त्यासाठी आडवी खाच हवी. म्हणून चांगल्या इन्सर्टवर नर्लिंगचे दोन पट्टे आणि त्यांच्या मध्ये एक गोल खाच असते. वितळलेले प्लॅस्टिक खाचेत शिरून थिजते आणि इन्सर्टला वर येऊ देत नाही. मोटारीच्या चाकाचे नट ज्यांच्यावर चढतात, ते स्टडही हबमध्ये सरळ दात्यांच्या जोरावर दाबून बसवलेले असतात. टायर बदलताना नटाबरोबर स्टडही गरगर फिरू लागला, तर समजावे की दाते मेले.

इमारतीची सळई याच कुळातली, फक्त तिचे दाते लेथवर पडत नाहीत. काँक्रीटमधल्या सळईवर ओढ येते ती लांबीच्या दिशेने. गुळगुळीत सळई आणि काँक्रीट यांची चिकटण एकदा सुटली की सळई सरकू लागते. अर्नेस्ट रॅन्सम यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत पिळलेल्या चौकोनी सळईचे पेटंट घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला अल्व्हॉर्ड लेक पूल त्यांनी १८८९ मध्ये अशाच सळया घालून बांधला, आणि १९०६ च्या भूकंपातही तो उभा राहिला. आपल्याकडची पिळाची टोर सळई जुन्या गवंड्यांच्या अजून तोंडात आहे. आजच्या टीएमटी सळईवर आडव्या-तिरक्या कडा असतात, उभ्या रेघांनी इथे भागले नसते. बांधकामावर सळई आली की कडा स्पष्ट आणि सारख्या उठल्या आहेत ना, हे हाताने चाचपून पाहावे. मातीने किंवा सुट्या गंजाने भरलेल्या कडा काँक्रीटला धरू शकत नाहीत.

जिन्याच्या पायऱ्यांना आणि ट्रकच्या फाळक्यांना वापरतात ती चेकर्ड प्लेट मात्र सगळ्या दिशांचा विचार करते. पाय कुठेही घसरू शकतो, म्हणून तिच्यावरचे लांबट उंचवटे एक उभा, एक आडवा असे आलटून पालटून असतात. गरम पोलाद खाचा पाडलेल्या रोलखालून जाते आणि खाचांमध्ये भरून वर येते. जाडी मोजताना हे उंचवटे धरत नाहीत. त्यांची टोके झिजून चकचकीत झाली की पावसात त्या पायरीवर पाय जपून टाकावा.

जी दरी बोटाला धरते, तीच घाणीलाही धरते. दंतवैद्याच्या हत्यारांच्या दांड्यांना नर्लिंग असते, कारण ग्लोव्ह ओले असतात आणि टोकाशी ताकद नेमकी लावायची असते. पण त्या खाचांतला कण आधी घासून किंवा अल्ट्रासॉनिक टाकीत काढल्याशिवाय निर्जंतुक करण्याला अर्थ राहत नाही. खाद्यपदार्थांच्या यंत्रांत अन्नाला लागणारे भाग म्हणूनच मुद्दाम गुळगुळीत ठेवतात.

दाते पकडीशिवाय दुसऱ्याही कामी आले. इंग्लंडमध्ये १६६२ पासून यंत्राने पाडलेल्या नाण्यांची कड नक्षीदार होऊ लागली, कारण लोक सोन्या-चांदीच्या नाण्यांची कड कातरून धातू काढून घेत. दाते असले की कातरलेले नाणे लगेच ओळखू येई. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८४ मध्ये काढलेल्या सुगम्य इमारतींच्या नियमावलीत तर नर्लिंगला इशारा म्हणून स्थान मिळाले. बॉयलर रूम, माल चढवण्याचा फलाट, रंगमंच अशा ज्या दारापलीकडे अंध व्यक्तीला धोका असू शकतो, त्या दाराची मूठ नर्लिंगने किंवा अन्य रीतीने खरखरीत करावी, असे तिच्यात म्हटले होते. इतर कुठल्याही दाराला, विशेषतः संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराला, असा खरखरीतपणा देऊ नये, हेही त्याच कलमात होते. मला नर्लिंगच्या साऱ्या उपयोगांत हा सर्वांत सुंदर वाटतो. मुठीवर बोटे टेकताक्षणी, दार उघडण्याआधीच, माणसाला कळते की थांबायचे आहे.

आणि काही दाते आता फक्त दिसण्यापुरते उरले आहेत. रोलेक्सने १९२६ मध्ये ऑयस्टर हे पाण्यापासून सुरक्षित घड्याळ काढले, तेव्हा त्याच्या काचेभोवतालच्या कड्यावरच्या खाचा टूलने पकडून ते कडे पेटीवर आवळण्यासाठी होत्या. आज त्याच खाचा सोन्याच्या कड्यावर शोभेसाठी असतात. घड्याळात ते शोभतेही. पण हल्ली नळांच्या मुठी, कपाटांच्या दांड्या, दिव्यांची बटणे सगळ्यांवर नर्लिंगची फॅशन आली आहे, आणि त्यांतले पुष्कळसे इतके उथळ किंवा वरून जाड मुलामा दिलेले असते की दऱ्याच बुजलेल्या असतात. असा नळ घेताना दुकानात बोटे ओली करून तो फिरवून पाहा. फिरवायची वस्तू असेल तर दाते फिरण्याला अडवतात का, ओढायची असेल तर ओढीला अडवतात का, एवढे तपासा. ओले बोट सरकले तर ती नुसती नक्षी आहे. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.